रिकव्हरी फ्रेज आणि विमानप्रवास: काय न्यायचं, काय घरी ठेवायचं

आधी सरळ उत्तर. आठ-पंधरा दिवसांसाठी बाहेर जात असाल तर रिकव्हरी फ्रेज, म्हणजे क्रिप्टो वॉलेट पुन्हा उघडून देणारे बारा किंवा चोवीस शब्द, सोबत न्यायचीच नाही. कागदावर नाही, स्टीलच्या पट्टीवर नाही, फोनमध्ये तर नाहीच नाही. हे शब्द लागतात ते हार्डवेअर वॉलेट, म्हणजे क्रिप्टो नाण्यांच्या किल्ल्या राखणारं छोटं यंत्र, हरवलं, बिघडलं किंवा पिन डोक्यातून गेला तर. तसं झालंच, तरी पुण्यात परतल्यावर नव्या हार्डवेअर वॉलेटवर सगळं पूर्ववत करता येतं. नाणी यंत्रात नसतात, ब्लॉकचेनवर असतात. यंत्र टॅक्सीत राहिलं म्हणून ती कुठे जात नाहीत.

खरा पेच लांबच्या मुक्कामाचा. हिंजवडीतून दोन वर्षांसाठी ऑनसाइट निघालेले, शिकायला जर्मनीला चाललेले, मुलीच्या बाळंतपणासाठी सहा महिने अमेरिकेला जाणारे आजी-आजोबा. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय क्रिप्टो एक्सचेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली, त्यानंतर बऱ्याच जणांनी नाणी एक्सचेंजवरून काढून स्वतःच्या वॉलेटमध्ये आणली. नाणी आली, त्यांच्याबरोबर बारा किंवा चोवीस शब्दांची जबाबदारीही आली. पुढचं सगळं मुख्यतः या मंडळींसाठी आहे.

शब्दांना कुलूप नसतं

बहुतेक वॉलेट बीआयपी-३९ नावाच्या पद्धतीने चालतात. यादी ठरलेली, २,०४८ इंग्रजी शब्दांची, कुणालाही मिळणारी. प्रत्येक शब्द ११ बिटांचा. १२ शब्दांत १२८ बिट खऱ्या अर्थाने यादृच्छिक आणि ४ बिट पडताळणीचे. २४ शब्दांत २५६ आणि ८. पिन राखतो तो फक्त यंत्राला. लेजर या कंपनीच्या हार्डवेअर वॉलेटवर तीनदा चुकीचा पिन टाकला की यंत्र स्वतःला पुसून टाकतं. शब्दांना मात्र पिन नाही, ओटीपी नाही, बँकेत फोन करून थांबवायची सोय नाही. कागदाकडे कुणी वीस सेकंद पाहिलं किंवा एक फोटो काढला, की तुमच्याइतकाच हक्क त्याच्याकडे गेला, आणि कागद जागच्या जागी असल्यामुळे तुम्हाला पत्ताही लागत नाही.

म्हणून शब्द गुप्त जागी ठेवून भागत नाही. प्रवासात जे सोबत असेल ते एकट्याने निरुपयोगी असलं पाहिजे. खाली सुचवलेल्या सगळ्या पद्धती याच एका अटीवर निवडल्या आहेत.

घरच्या घरी केलेल्या दोन युक्त्या सर्रास दिसतात आणि दोन्ही फसव्या आहेत. पहिली, शब्दांची उलटापालट. १२ शब्द मागेपुढे करून लिहिले तर होणाऱ्या रचना ४७ कोटी ९० लाख. आकडा मोठा वाटतो, पण पडताळणीच्या बिटांमुळे त्यातल्या सोळातली एकच चालते, म्हणजे उरल्या तीन कोटी. साध्या संगणकाला हे काम फार नाही. दुसरी, तीन कागदांची वाटणी: प्रत्येक कागदावर दोन तृतीयांश शब्द, कुठलेही दोन कागद जुळले की सगळे शब्द मिळतात. २४ शब्दांसाठी हे निदान तग धरतं, कारण एका कागदावर ८ शब्द कमी म्हणजे ८० बिटांचा अंदाज बांधणं आलं. १२ शब्दांसाठी हीच वाटणी केली तर कमी पडतात फक्त ४ शब्द, ४० बिट. सुमारे १.१ लाख कोटी शक्यता, म्हणजे चांगली ग्राफिक्स कार्डं बाळगणाऱ्याच्या आवाक्यातली गोष्ट. आणि सरळ दोन अर्धे केले तर एक अर्धा हरवला की कायमचं संपलं.

लांबच्या मुक्कामासाठी: नेऊ नका, तिथे नवीन बनवा

स्थलांतर करणाऱ्यांना आमचा पहिला सल्ला हाच. जुने शब्द विमानात बसतच नाहीत.

सोबत घ्यायची दोन यंत्रं. एक तुमचं चालू हार्डवेअर वॉलेट, पिनने बंद. दुसरं नवंकोरं, कंपनीच्या संकेतस्थळावरून किंवा तिच्या अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेलं, अजून सुरू न केलेलं. तिथल्या घरी पोचलात, स्वतःच्या खोलीत दार लावून बसता येऊ लागलं, की नवं यंत्र सुरू करा आणि त्यानेच दिलेले नवे शब्द लिहून घ्या. मग ते यंत्र मुद्दाम पुसून त्याच शब्दांवरून परत उभं करा. तोच पत्ता दिसला तर बॅकअप बरोबर. आता जुन्या वॉलेटमधून थोडी रक्कम पाठवा, आलेली बघा, नंतर उरलेली. पुण्यातल्या लॉकरमधले शब्द यानंतर रिकाम्या वॉलेटचे राहतात. तरी वर्षभर फाडू नका, विसरलेला एखादा टोकन किंवा एअरड्रॉप (फुकट वाटलेली नाणी) तिथे निघतो. स्वतःच्याच वॉलेटमधून स्वतःच्याच वॉलेटमध्ये पाठवणं ही विक्री नव्हे, पण व्यवहाराचा हॅश (ब्लॉकचेनवरची त्याची ओळख), तारीख आणि दोन्ही पत्ते लिहून ठेवा. एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे, विवरणपत्रात या मालमत्तेचं वेगळं परिशिष्ट भरावं लागतं, आणि तीन वर्षांनी सीए विचारेल तेव्हा ‘मीच मला पाठवले’ हे दाखवावं लागेल.

दुसरं यंत्र परवडत नसेल किंवा काही कारणाने शब्द न्यावेच लागणार असतील, तर दोन मार्ग उरतात.

पासफ्रेज

यालाच पंचविसावा शब्द म्हणतात. १२ किंवा २४ शब्दांना तुम्ही ठरवलेला एक मजकूर जोडला की पूर्ण वेगळं वॉलेट उघडतं. कागद सोबत, पासफ्रेज डोक्यात. कागद चोरणाऱ्याला रिकामं, किंवा तुम्ही मुद्दाम थोडी रक्कम ठेवलेलं वॉलेट दिसतं.

यात एक विचित्र गोष्ट आहे जी लोकांना घाम फोडते: चुकीचा पासफ्रेज असा प्रकारच नसतो. काहीही टाका, कुठलं तरी वैध वॉलेट उघडतंच, फक्त रिकामं. एक मोठं अक्षर लहान झालं, शेवटी चुकून स्पेस पडली, की शिल्लक शून्य. जर्मनीला जाणाऱ्यांनी खास लक्ष द्यावं, कारण तिथल्या कीबोर्डवर वाय आणि झेड या अक्षरांची जागा आपल्यापेक्षा उलटी असते. संगणकावरून पासफ्रेज टाकलात आणि त्यात यातलं एखादं अक्षर असलं, तर न बघता टायपणाऱ्याचं वॉलेट हमखास रिकामं दिसतं. पासफ्रेज शक्यतो यंत्राच्याच पडद्यावर टाका. देवनागरीत ठेवायचा मोह नको, बऱ्याच यंत्रांवर ती अक्षरंच उमटत नाहीत.

किती मोठा असावा? कागद चोराच्या हाती गेल्यावर मध्ये उभा असतो तो फक्त पासफ्रेज, आणि बीआयपी-३९ मध्ये तो घोटण्याच्या, म्हणजे गणितातून पुन्हा पुन्हा फिरवण्याच्या, फेऱ्या केवळ २,०४८ आहेत, म्हणजे अंदाज बांधणाऱ्याचा वेग फारसा कमी होत नाही. आडनाव आणि ४११०३० असला पासफ्रेज दुपारच्या चहापर्यंत टिकणार नाही. त्याच २,०४८ शब्दांच्या यादीतून फासे टाकून किंवा चिठ्ठ्या काढून सहा शब्द घ्या, सगळे लहान लिपीत, मध्ये एकेक स्पेस. होतात ६६ बिट. पाठ करायला आठवडा लागतो, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी ठरवू नका.

योग्य वॉलेट उघडलं का हे ओळखायला पहिल्या पत्त्याची शेवटची सहा अक्षरं वेगळीकडे लिहून ठेवा. त्यातून चोराला काही मिळत नाही. आणि पासफ्रेज फक्त डोक्यात ठेवू नका. अपघात झाला, आजारपण आलं तर घरच्यांना शब्द सापडतील, पण नाणी कधीच हलवता येणार नाहीत. एक प्रत शब्दांपासून दूर: शब्द स्वतःच्या लॉकरला, तर पासफ्रेज सख्ख्या भावा-बहिणीकडे बंद पाकिटात.

हिस्से

स्लिप-३९ ही पद्धत ट्रेझर हे हार्डवेअर वॉलेट बनवणाऱ्या सातोशीलॅब्जची. ती शब्दांचे गणिती हिस्से पाडते, प्रत्येक हिस्सा २० किंवा ३३ शब्दांचा. तिनातले कोणतेही दोन हवेत असं ठरवलं, तर एकटा हिस्सा काहीही सांगत नाही. मघाच्या कागदी वाटणीत आणि हिच्यात हाच फरक. एक पुण्यात, एक तुमच्याबरोबर, एक दुसऱ्या शहरातल्या विश्वासातल्या माणसाकडे. ‘अमुक जण महिन्याअखेर येतोय, त्याच्याबरोबर पाठवते’ ही आपली जुनी रीत चिवड्या-लाडवाच्या डब्यासाठी ठीक. शब्दांच्या बाबतीत ती फक्त अशा एकट्या हिश्श्यापुरती वापरता येईल. मात्र हे हिस्से सगळ्या यंत्रांवर चालत नाहीत. परदेशात यंत्र बिघडलं आणि हाताशी लेजर मिळालं तर ट्रेझरचे हिस्से त्यात घालता येणार नाहीत.

रक्कम फार मोठी असेल तर तीन वेगळ्या यंत्रांचं, तिनातल्या दोघांच्या सहीचं मल्टिसिग करा. त्यात तिन्ही वॉलेटच्या सार्वजनिक किल्ल्यांची फाइलही जपावी लागते. दोन यंत्रं आहेत पण तिसऱ्याची सार्वजनिक किल्ली नाही, तर पैसे अडकतात. हे काम निघण्याच्या तोंडावर शिकायचं नाही.

निघण्याआधीची पंधरवड्याची कामं

१. बॅकअप तपासा. लेजरमध्ये रिकव्हरी चेक नावाचं ॲप आहे, ट्रेझरमध्येही बॅकअप तपासायची सोय आहे. शब्द यंत्रावरच टाकायचे, संगणकावर किंवा फोनवर कधीच नाही. याच वेळी कळतं की सातवा शब्द वाचताच येत नाहीये.

२. अक्षर तपासा. यादीतल्या प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं वेगळी आहेत, त्यामुळे तेवढी पुरतात. तीन अक्षरी शब्दापुढे मात्र आडवी रेघ मारा, नाहीतर चौथं अक्षर पुसलं गेलंय असं पुढे वाटतं. शब्द देवनागरीत लिहू नका. ‘बरोबर’ अर्थाचा राइट आणि ‘लिहिणे’ अर्थाचा राइट, दोन्ही त्या यादीत आहेत. शब्दांऐवजी यादीतले क्रमांक लिहिणाऱ्यांनी मोजणी शून्यापासून आहे की एकपासून हे कागदावर लिहावं, आणि आकडे एकाच लिपीत ठेवावेत: मराठीतला एक घाईत इंग्रजीतला नऊ वाटतो.

३. फोन झाडून घ्या. फोटोंमध्ये ‘रिकव्हरी’, ‘वॉलेट’ हे शब्द इंग्रजीत शोधून बघा. कागदावरचा मजकूरही सापडतो. स्वतःचे शब्द मात्र शोधपेटीत टाकू नका, ते सर्व्हरवर जातात. फोटो सापडला तर पुसून प्रश्न मिटत नाही. बॅकअप घेतलेला फोटो गूगल फोटोजच्या कचऱ्यात ६० दिवस राहतो, आयफोनवर ३०. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅस्परस्कीने स्पार्ककॅट नावाचा व्हायरस उघड केला, तो गॅलरीतले फोटो वाचून नेमके असले शब्द शोधत होता, आणि त्याची ॲप अँड्रॉइड व ॲपल दोन्हीकडच्या अधिकृत दुकानांत होती. तेव्हा फोटो कधीही काढला असेल तर ते शब्द बाद समजा आणि नवं वॉलेट बनवा.

पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवलेल्यांनाही हेच लागू. २०२२ मध्ये लास्टपासच्या ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या. ज्यांचा मुख्य पासवर्ड कच्चा, त्यांच्या प्रती चोराला निवांत घरी बसून फोडता येतात.

४. प्रवासाचं छोटं वॉलेट वेगळं करा. वेगळे शब्द, महिन्याच्या खर्चाइतकी रक्कम, फोनमध्ये. मोठ्या वॉलेटचं ॲप फोनवरून काढून टाका. नुसती शिल्लक दाखवणारं वॉलेटही नको, त्यातून पैसे जात नाहीत पण फोन पाहणाऱ्याला आकडा कळतो.

घरी राहणारी प्रत

प्रवासात कागद, घरी स्टील. कागद सुमारे २३० अंशाला पेटतो आणि पुण्याच्या पावसाळ्यात कपाटातही मऊ पडतो. जेल पेनची शाई ओल लागली की पसरते, थर्मल कागदावरची अक्षरं आपोआप उडतात. ३०४ ग्रेडचं स्टेनलेस सुमारे १,४०० अंशापर्यंत वितळत नाही. ॲल्युमिनियम कोरायला सोपं, पण ६६० अंशाला पाणी होतं, आणि घरातली आग तिथवर सहज जाते.

तयार पट्ट्या महाग वाटल्या तर रविवार पेठेत बोहरी आळीला स्टीलची पट्टी आणि अक्षरांचे पंच मिळतात. पंच ३ मिलिमीटरचे घ्या. एटीएम कार्डाच्या आकाराची २ मिलिमीटर जाडीची पट्टी भरते साधारण ७५ ग्रॅम. एका पट्टीवर १२ शब्दांची पहिली चार-चार अक्षरं आणि क्रमांक सुटसुटीत बसतात. मागच्या बाजूला ठोकू नका, पुढची अक्षरं फुगतात; २४ शब्दांना दोन पट्ट्या. पट्टीखाली जाड लोखंडाचा तुकडा ठेवा आणि एकाच दणक्यात अक्षर उठवा, दोनदा मारलं की दुहेरी उमटतं आणि ई आहे की एफ ते कळत नाही. १२ शब्दांना पन्नासएक अक्षरं आणि वर क्रमांक होतात, म्हणजे तेवढे दणके. दुपारी एक ते चार सोडून करा, पुण्यात आहात.

भांड्यांच्या दुकानात नाव घालून देतात तसे हे शब्द घालून घ्यायला जाऊ नका. हसण्यावारी नेण्यासारखं वाटतं, पण शब्द दुसऱ्याच्या डोळ्यांखालून जाण्याचा याहून सोपा रस्ता नाही. तीच गोष्ट झेरॉक्सची. प्रवासाची सगळी कागदपत्रं एका फाइलमध्ये घालून चौकातल्या दुकानात ‘सगळ्याच्या दोन-दोन’ सांगितलं जातं आणि त्या गठ्ठ्यात हा कागदही जातो.

पट्टी बँकेच्या लॉकरला ठेवणार असाल तर तीन गोष्टी जाणून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांनुसार आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर यासाठी बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपुरती. भाडं ३,००० असेल तर तीन लाख, आत काहीही असो. रविवारी आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारी ते उघडत नाही. आणि लॉकर एकट्याच्या नावावर असेल तर तुम्ही परदेशात असताना इथे सहसा कुणी काही करू शकणार नाही; नोंदवलेल्या वारसालाही ते तुमच्या मृत्यूनंतरच उघडता येतं.

पाकीट आणि बॅग

सोबत न्यायचा कागद पेन्सिलीने लिहिलेला असावा; ग्रॅफाइट पाण्याने जात नाही. त्यावर ‘बिटकॉइन’, ‘सीड’, कंपनीचं चिन्ह काही नको. कागद काळ्या जाड कागदात गुंडाळा म्हणजे उजेडात धरून वाचता येणार नाही, मग क्रमांक छापलेल्या छेडछाडरोधक पिशवीत बंद करा. उघडली की तिच्या पट्टीवर खुणा उमटतात. पिशवीचा क्रमांक घरच्या माणसाकडे लिहून द्या. पिशवी चोरी थांबवत नाही, पण कुणी बघितलं का एवढं सांगते, आणि तेच हवं असतं.

स्टीलची पट्टी विमानात नको. एक्स-रेचा कागदावर, धातूवर किंवा यंत्राच्या चिपवर परिणाम होत नाही, ती भीती सोडा. पण जाड धातू पडद्यावर काळा ठोकळा दिसतो, बॅग बाजूला काढली जाते, आणि ‘यात काय आहे’ म्हणून पट्टी चारचौघांत, कॅमेऱ्याखाली बाहेर येते. पंच आणि हातोडी तर केबिन बॅगेत चालतच नाहीत.

चेक-इन बॅगेत काहीही नाही: ना कागद, ना यंत्र. बॅग हरवते, शिवाय अमेरिकेत तपासणीसाठी तुमच्या पश्चात उघडून आत चिठ्ठी ठेवतात. लेजरच्या नॅनो एक्ससारख्या यंत्रात लिथियम बॅटरी असते, तेही केबिनमध्येच. आणि केबिन बॅग म्हणजे डोक्यावरच्या कप्प्यातली नव्हे. कप्पे भरले किंवा विमान एटीआरसारखं लहान असलं तर ती दारातच काढून घेतात. पिशवी पायाशी राहणाऱ्या छोट्या बॅगेच्या आतल्या चेनच्या कप्प्यात हवी.

पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवण्याची हौस अनेकांना असते. पासपोर्ट प्रवासात सर्वांत जास्त हातांतून फिरतो: काउंटर, इमिग्रेशन, हॉटेलचं रिसेप्शन, झेरॉक्स. तिथे नाही म्हणजे नाही.

लोहगावला आणि पुढे

मुंबईहून विमान असेल तर पहिली गफलत विमानतळाच्याही आधी होते. रात्रीची कॅब, फूड मॉलला थांबा, सगळे वडापावला उतरतात आणि छोटी बॅग सीटवर राहते. ती खांद्यावर घेऊन उतरा.

पुण्याच्या लोहगाव विमानतळाच्या नव्या टर्मिनलला, मुंबईला किंवा कुठेही, तपासणीच्या पट्ट्यावर नियम एकच: झडतीची तुमची पाळी येत नाही तोवर बॅग पट्ट्यावर सोडायची नाही. बॅग अर्ध्या मिनिटात पलीकडे पोचते, आणि तुम्ही अजून रांगेत असता. बायकांची झडतीची रांग वेगळी असते, ती अडली तर बॅग पलीकडे बेवारस पडते. जोडीने जाणाऱ्यांनी ज्याची रांग पुढे सरकतेय त्याच्याबरोबर बॅग द्यावी. सीआयएसएफच्या जवानाने पिशवी उघडायला सांगितली तर हुज्जत घालू नका, खोटंही बोलू नका. ‘पासवर्डचा कागद आहे, मी उघडून दाखवतो’ पुरतं. कागद तुमच्या नजरेआड गेला किंवा कुणी तो सपाट धरून वाचला, तर पोचल्यावर शब्द बदलायचे हे तिथेच मनाशी ठरवा.

लाउंजमध्ये, गेटवर, विमानात यंत्र काढून बसू नका. डोक्यावर कॅमेरे असतात आणि शेजारच्याला तर वेळच वेळ असतो.

पलीकडच्या सीमेवर फोन तपासला जाऊ शकतो. अमेरिकेत सीमा अधिकारी फोन-लॅपटॉप पाहू शकतात, आणि पासकोड द्यायला नकार देणाऱ्या परदेशी नागरिकाला प्रवेश नाकारला जाऊ शकतो. त्यांच्या स्वतःच्या नियमानुसार तपासणी यंत्रावरच्या मजकुरापुरती असते, क्लाउडवरच्या नाही. ब्रिटनमध्ये दहशतवादविरोधी कायदा २००० च्या सातव्या परिशिष्टाखाली थांबवलं तर पासवर्ड न देणं हा गुन्हा ठरतो. म्हणून फोनवर मुळात काही नसावं. विचारलं तर क्रिप्टो आहे असं खरं सांगा. शब्द सोबत नसले तर दाखवायचा प्रश्नच येत नाही. काठमांडूला पशुपतिनाथाला जाणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, नेपाळमध्ये क्रिप्टोच्या व्यवहारांवर बंदी आहे. तिथे असेपर्यंत वॉलेटला हात लावू नका.

हॉटेलच्या तिजोरीला मास्टर कोड असतो, तो व्यवस्थापनाकडे असतो. यंत्र ठेवा हवं तर, पिन आहे. शब्द नको.

‘आई, फोटो पाठव ना’

विमानतळावरच्या चोरापेक्षा हा फोन जास्त घात करतो.

‘आई, माझ्या कपाटात निळी फाइल आहे बघ. त्यातलं पाकीट फोड आणि आतल्या कागदाचा फोटो पाठव पटकन.’

‘अरे, ह्यात नुसते इंग्रजी शब्द आहेत.’

‘हो, तेच!’

एका मिनिटात प्रती झाल्या आईच्या गॅलरीत, तिच्या गूगल फोटोजमध्ये, दोघांच्या व्हॉट्सॲपमध्ये आणि त्याच्या बॅकअपमध्ये, मुलाच्या गॅलरीत. कागद परत फाइलमध्ये गेला, पाकीट मात्र फुटलेलं.

पाकिटावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: फोटो काढायचा नाही, फोनवर कुणी मागितलं तरी फोडायचं नाही, आवाज माझा असला तरी. डिजिटल अरेस्टच्या भामट्यांनी किती ज्येष्ठांना तासन्‌तास फोनवर बसवून लुबाडलंय ते रोज छापून येतं, आणि आवाजाची नक्कल आता अवघड राहिलेली नाही. घरच्यांशी एक प्रश्न ठरवून घ्या, ज्याचं उत्तर फक्त घरात ठाऊक आहे.

शब्द खरोखरच लागले आणि थांबणं शक्य नसेल, तर व्हॉइस कॉलवर, स्पीकर बंद ठेवून, क्रमांकासह एकेक अक्षर सांगायला लावा. पेन्सिलीने उतरवा, थेट हार्डवेअर वॉलेटवर टाका, त्याच दिवशी नव्या शब्दांच्या वॉलेटवर सगळं हलवा आणि कागद जाळा.

शब्द उघडे पडले तर

पिन बदलून उपयोग नाही. आता पासफ्रेज जोडूनही नाही, कारण नाणी जुन्या, पासफ्रेज नसलेल्या पत्त्यांवरच आहेत. ती नव्या शब्दांच्या वॉलेटवर हलवणं हा एकच इलाज. दुसरं यंत्र नसेल तर फोनवर नवं वॉलेट बनवून तात्पुरतं तिथे न्या, तेही उघड्या पडलेल्या शब्दांपेक्षा बरं.

मोठी रक्कम आधी. टोकन हलवायला शुल्कापोटी त्याच साखळीचं (ब्लॉकचेनचं) मूळ नाणं लागतं: इथेरियमवरच्या यूएसडीटीला ईथर, ट्रॉनवरच्याला टीआरएक्स. ते शिल्लक नसेल तर बाहेरून पाठवावं लागतं, आणि शब्द आधीच चोराकडे असतील तर त्याचा बॉट (आपोआप चालणारा प्रोग्राम) ते आल्या सेकंदाला उचलतो. म्हणून प्रत्येक साखळीवर दोन-चार व्यवहारांच्या शुल्काइतकं नाणं निघण्याआधीच ठेवलेलं असावं. स्टेकिंगमधली, म्हणजे मोबदल्यासाठी साखळीवर अडकवून ठेवलेली नाणी लगेच सुटत नाहीत. कॉसमॉस या साखळीची सोडवायला २१ दिवस लागतात, आणि मुदत संपल्यावर ती त्याच जुन्या पत्त्यावर येतात, जिथे चोरही वाट बघत असतो. शब्द घेऊन निघणार असाल तर ती नाणी महिनाभर आधी मोकळी करा.